रूझवेल्ट यांचा रक्तदाब

मार्च १९४४ मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रुएन या हृदयरोगतज्ज्ञाने अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना तपासलं. रक्तदाब १८६/१०८ आणि हृदय चांगलंच वाढलेलं. अध्यक्षांचे नेहमीचे डॉक्टर मॅकिन्टायर कान-नाक-घशाचे. ते मात्र तब्येत उत्तम असल्याचं जगाला सांगत राहिले!

वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैलावतानाचा. दाब सतत चढा राहिला की हृदयाच्या डाव्या कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो. तालमीत दंड फुगावेत तसा हा स्नायूही जाड होतो. पण जाड कप्पा ताठरतो, नीट भरत नाही आणि शेवटी थकतो. तिकडे मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या अरुंद होतात. रक्त कमी मिळालं की मूत्रपिंड मीठ-पाणी धरून ठेवतं, आणि दाब आणखी चढतो. एवढं सगळं चालू असताना बहुतेकांना दुखत-खुपत काहीच नाही, हे सर्वांत वाईट.

रूझवेल्टना डिजिटॅलिस, कमी मीठ आणि विश्रांती देण्यात आली. दाब उतरवणारं भरवशाचं औषध तेव्हा नव्हतंच. १२ एप्रिल १९४५ रोजी चित्रकर्तीसमोर बसले असताना त्यांचं डोकं असह्य दुखू लागलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता, दाब ३००/१९०. त्याच दुपारी ते गेले.

चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रुग्णांच्या नोंदींनिशी मांडलं. त्या मुळीतून १९५२ मध्ये रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. काही रुग्णांना त्याने उदासी येते अशा तक्रारी आल्या, आणि पुढे नव्या गोळ्यांनी त्याची जागा घेतली.