धूर बघा, मग पाना उचला

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवेला मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते अठराव्या हिश्श्यात कोंबतो. त्या दाबाने हवा 500 अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि नोझलमधून आलेले डिझेल आपसूक पेटते. ट्रॅक्टर चालू होत नसेल तर हवा, दाब किंवा डिझेल यांपैकी काहीतरी कमी पडते आहे. ते न ओळखताच डिझेलचा पंप सोडवून दुरुस्तीला नेला जातो, याची फार हळहळ वाटते. पैसे जातातच, शिवाय पेरणीचे दिवसही हातचे जातात.

सेल्फ मारा आणि सायलेन्सरकडे बघा. धूर अजिबात नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. इंजिन बंद करायचा नॉब ओढलेलाच राहिला नाही ना, हे आधी तपासा. मग टाकी, फिल्टर आणि पाइपात शिरलेली हवा. टाकी एकदा कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला, की ही हवा हमखास शिरते. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र सहज दबते. त्यामुळे पंपाचा सगळा जोर बुडबुडा दाबण्यात जातो आणि नोझल उघडायला लागणारा सुमारे 200 बारचा दाब तयारच होत नाही. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहा. फेस थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळा.

पांढरा धूर निघतो, पण इंजिन पकडत नाही, तेव्हा डिझेल येते आहे, पेटत नाही. दोष बरेचदा बॅटरीत असतो. सेल्फ संथ फिरला तर दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटायला आणि तिची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत मुरायला वेळ मिळतो. म्हणून पौषातल्या पहाटे अडून बसलेला ट्रॅक्टर दुपारी मुकाट चालू होतो. टर्मिनलवर साचलेला क्षार खरवडा, तारा घट्ट करा. सेल्फ जोरात फिरूनही तेच होत असेल, तर झिजलेल्या रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हचा संशय घ्यावा.

नांगरताना भसाभस काळा धूर आला की आधी एअर क्लिनर उघडा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे.

इंजिन चांगले चालू होऊन थोड्या वेळाने गुदमरत असेल, तर टाकीचे झाकण सैल करून बघा. झाकणातले बारीक छिद्र मातीने बुजले की टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि डिझेल पुढे सरकत नाही.

इंजिन एका सिलिंडरवर मिस होत असेल तर जुने मिस्त्री नोझलच्या पाइपाचे नट एकेक करून ढिले करतात; ज्या नटाने आवाज बदलत नाही, त्याचा सिलिंडर आजारी. नव्या कॉमन रेल इंजिनावर मात्र हे कधीही करू नका. तिथला दाब 1000 बारच्याही वर जातो. ढिल्या नटातून उडणारी धार कातडी भेदून डिझेल आत घुसवते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी ताबडतोब दवाखाना गाठावा.