शिक्षकांच्या खांद्यावरील ओझे

मुलांच्या दप्तराच्या ओझ्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्या दप्तरातील वह्या तपासणाऱ्या शिक्षकांच्या ओझ्याविषयी मात्र धर्मग्रामाच्या सभांत क्वचितच चर्चा होते. अध्यापन, पाठटाचण, उत्तरपत्रिका तपासणे ही तर शिक्षकाची कामे आहेतच. त्यांच्या जोडीला ‘यू-डायस’वर माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी ठेवणे, मतदार याद्यांचे काम आणि रात्री दहा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या पालकांच्या शंका!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआऊट’ची व्याख्या स्पष्ट केली. हा आजार नव्हे. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी ती अवस्था आहे. शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा वाटणे आणि कार्यक्षमता घटणे ही तिची लक्षणे होत. म्हणूनच थकलेल्या शिक्षिकेला ‘जरा ध्यानधारणा करा’ असे सांगून भागत नाही. काम कमी व्हावयास हवे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. निवडणुकीचे कामही सामान्यतः सुट्टीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशीच द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले. विद्यार्थ्यांचे तास त्यामुळे वाचले. शिक्षकांची सुट्टी मात्र गेली. प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागे एक शिक्षक असावा, हेही याच कायद्यात नमूद आहे.

येथे एक अवघड बाब आपण प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. ‘प्रमती’ खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नसल्याचा निर्णय दिला. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने या निर्णयाच्या फेरविचाराची गरज व्यक्त केली आहे. आपले घटनादत्त स्वातंत्र्य आपण जपलेच पाहिजे. परंतु कायद्याचे संरक्षण जिथे पोहोचत नाही, तिथे शिक्षकाची काळजी घेण्याची जबाबदारी सर्वस्वी आपल्या व्यवस्थापनावर येते. कामाचे तास माणसाच्या शक्तीहून अधिक असू नयेत आणि त्याला रविवारची विश्रांती मिळावी, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात मांडले होते. आपल्याकडे मात्र आठवडाभर शाळेत शिकवणाऱ्या शिक्षिकेलाच रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यावा लागतो, वार्षिक सणाचे नृत्यही तिनेच बसवायचे असते. ती नाही म्हणत नाही, एवढेच त्याचे कारण! निवृत्त शिक्षक व महाविद्यालयीन तरुण यांनी धर्मशिक्षणाचा काही भार उचलल्यास तिला महिन्यातील दोन रविवार तरी कुटुंबासमवेत घालविता येतील.

येत्या पालकसभेत निकालाच्या टक्केवारीबरोबरच वर्गात मुले किती आहेत, शिक्षकांना आठवड्यात मोकळ्या तासिका किती मिळतात आणि त्यांपैकी किती गैरहजर सहकाऱ्यांच्या वर्गांवर खर्ची पडतात, हेही पालकांनी व्यवस्थापनाला विचारावे.