फ्रीहोल्डचं चर्च

आयोवा राज्यातल्या फ्रीहोल्ड गावात लँडओव्हर बॅप्टिस्ट चर्च नावाचं एक श्रीमंत, कडक शिस्तीचं चर्च आहे, असं त्याचं संकेतस्थळ सांगतं. तारण झालेल्यांनाच आत प्रवेश. बाकीच्यांनी फाटकाबाहेर राहायचं. पाळकाची प्रवचनं, डीकनच्या सूचना, स्त्रियांनी कसं वागावं याचे नियम, नरकात कोण जाणार याच्या घोषणा, सगळं तिथे वाचायला मिळतं. विधानाच्या पाठोपाठ बायबलचं वचन येतं, अध्याय आणि क्रमांकासकट. प्रत्यक्षात असं चर्च कुठेही नाही आणि हे फ्रीहोल्ड गावही नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून चालत आलेलं हे विडंबन आहे. त्याला येणारी पत्रं मात्र खरी होती. कुणी संतापून लिहिलं, कुणी शिव्या दिल्या, आणि कुणी कळवळून विचारलं की तुम्ही स्वतःला ख्रिस्ताचे अनुयायी कसे म्हणवता?

हे चर्च उभं करणारा ख्रिस हार्पर हा लिबर्टी युनिव्हर्सिटीतून काढून टाकलेला विद्यार्थी. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग इथलं हे विद्यापीठ जेरी फॉलवेल या बॅप्टिस्ट पाळकाने १९७१ साली स्थापन केलं. पुढे ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना काढून अमेरिकेतल्या सनातनी ख्रिस्ती मतदारांना एकत्र आणणारे फॉलवेल ते हेच. म्हणजे हार्परने ज्या भाषेची नक्कल केली ती त्याने वर्गात आणि उपासनेत बसून ऐकलेली होती. लँडओव्हरची ताकद तिथेच आहे. वचनं किंग जेम्स बायबलमधली आणि बहुतेकदा अचूक. आवाज आर्जवी आणि गोड, धमकी शेवटी, तीही प्रेमाने दिलेली. बेटी बोवर्स या लँडओव्हरशी जोडलेल्या पात्राने हाच गोडवा टोकाला नेला. स्वतःला अमेरिकेतली सर्वोत्तम ख्रिस्ती म्हणवणारी ही बाई पुढे चित्रफितींमधूनही दिसू लागली; डेव्हन ग्रीन या अभिनेत्रीने ती उभी केली. लँडओव्हरच्या परिच्छेदातली नऊ वाक्यं खऱ्या प्रवचनात सहज बसतील अशी असतात आणि दहावं किंचित पुढे जातं. ते दहावं ज्याच्या नजरेतून निसटलं, त्याच्यासाठी चर्च खरंच असतं.

फसलेल्यांना मूर्ख म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. फॉलवेल यांच्याच ‘नॅशनल लिबर्टी जर्नल’ने १९९९च्या फेब्रुवारीत पालकांना सावध केलं होतं की, ‘टेलिटबीज’ या लहान मुलांच्या कार्यक्रमातला टिंकी विंकी समलिंगी वाटतो, कारण त्याचा रंग जांभळा, डोक्यावर त्रिकोण आणि हातात पर्स. हे खरं छापलेलं आहे. कॅन्ससमधल्या टोपेका इथल्या वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्चचे लोक सैनिकांच्या अंत्ययात्रांबाहेर द्वेषाचे फलक घेऊन उभे राहत. त्यांचा तो हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली आठ विरुद्ध एक मतांनी मान्य केला. केंटकीतल्या क्रिएशन म्युझियममध्ये, जिथे पृथ्वीचं वय सुमारे सहा हजार वर्षं मानलं जातं, खोगीर घातलेला डायनोसॉर होता. मुलं त्यावर बसून फोटो काढत. एवढं पाहिलेल्या माणसाने लँडओव्हरचं पान उघडलं, तर त्याने नेमकं कशावरून ओळखायचं?

आणि मग ऑब्जेक्टिव्ह मिनिस्ट्रीज. या संकेतस्थळाने लँडओव्हरविरुद्ध मोहीमच उघडली. हे चर्च बनावट आहे, ते ख्रिस्ती धर्माची बदनामी करतं, ते बंद पाडा, असं आवाहन केलं. अनेकांना वाटलं, चला, खऱ्या श्रद्धावंतांनी आवाज उठवला. पण हेही विडंबनच होतं. तिथलं मुलांचं ‘निर्मिती-विज्ञान प्रदर्शन’ वर्षानुवर्षं खरं समजून फिरत राहिलं. माझा काका माणूस आहे, माकड नाही, असं सिद्ध करणारा एक प्रकल्प त्यात होता. जिवंत टेरोसॉर शोधायला निघालेल्या एका मोहिमेची बातमीही तिथे होती. इथे हसू येण्याआधी हे माहीत असायला हवं की काही खरे निर्मितिवादी, म्हणजे बायबलमधली निर्मितीची कथा शब्दशः मानणारे लोक, अशाच उडत्या प्राण्याच्या शोधात पापुआ न्यू गिनीच्या जंगलात खरोखर जाऊन आले आहेत.

२००५ साली नेथन पो याने एका ऑनलाइन वादात यावर बोट ठेवलं. डोळा मारणाऱ्या चेहऱ्याचं चिन्ह किंवा विनोदाची उघड खूण नसेल, तर निर्मितिवाद्याचं असं विडंबन करताच येत नाही की जे कुणाला ना कुणाला खरं वाटणार नाही, असा त्याचा मुद्दा. त्याला आता ‘पोचा नियम’ म्हणतात आणि तो राजकारणापासून आरोग्यसल्ल्यांपर्यंत सगळीकडे लावला जातो. त्याचा जन्म मात्र ख्रिस्ती श्रद्धेविषयीच्या भांडणात झाला.

फसवणूक एका बाजूचीच नव्हती. ‘द अनियन’ या विनोदी वृत्तपत्राने जुलै २००० मध्ये हॅरी पॉटरच्या पुस्तकांमुळे मुलं सैतानपूजेकडे वळत असल्याची बातमी छापली. मुलांचे उद्गार, आकडे, खुद्द लेखिका रोलिंग यांच्या तोंडी घातलेली वाक्यं, सगळं रचलेलं. कुणीतरी मजकूर उचलून ईमेलमध्ये चिकटवला, वरचं वृत्तपत्राचं नाव गळून पडलं, आणि तो इशारा म्हणून धास्तावलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमध्ये फिरू लागला. ज्या आईने तो पुढे पाठवला तिच्या मनात भीती होती, द्वेष नव्हे. २००० ते २००९ या दशकात अमेरिकन ग्रंथालयांमध्ये सर्वाधिक आक्षेप पॉटरमालिकेवरच घेतले गेले, आणि त्या वातावरणात एका विनोदी लेखाने पुरावा म्हणून हिंडावं, याचं मला वाईट वाटतं.

एकनाथांच्या भारुडात नाथ कधी जोगतीण होतात, कधी वासुदेव, कधी विंचू चावलेला माणूस. पण समोर कीर्तन चालू असतं, टाळ वाजत असतो, बोलणारा कोण आहे हे श्रोत्याला ठाऊक असतं. पडद्यावरच्या पानाला असं अंगण नसतं. त्याचं छायाचित्र काढून कुणी पाठवलं, की पत्ताही जातो. आपल्याकडच्या ज्या वाचकाने वसईतली मिस्सा पाहिलेली नाही किंवा अहिल्यानगरच्या मंडळीत कधी पाऊल ठेवलेलं नाही, त्याच्या हाती असं एखादं पान आलं, तर ‘ख्रिस्ती लोक असे असतात’ एवढंच त्याच्या मनात उरतं. नाव अमेरिकेतल्या नसलेल्या गावाचं आणि डाग शेजारच्या माणसावर.

यातल्या कायद्याच्या बाजूलाही फॉलवेलच आहेत. १९८३ साली ‘हसलर’ या नियतकालिकाने एका मद्याच्या जाहिरातीचं विडंबन करताना त्यांच्या नावे अत्यंत गलिच्छ मुलाखत छापली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे विडंबन आहे, खरं मानू नये. कोणताही समंजस वाचक हे सत्य मानणार नाही म्हणून बदनामी होत नाही, असं ज्युरीने ठरवलं, पण मनस्तापाची भरपाई मंजूर केली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही एकमताने रद्द केली. निकाल मला योग्यच वाटतो. मात्र तो ज्या वाचकावर उभा आहे, त्याच्या हातात अख्खं नियतकालिक होतं, तळाच्या ओळीसकट.

तीनशे वर्षांपूर्वी असा वाचक लंडनलाही मिळाला नव्हता. डिसेंबर १७०२ मध्ये तिथे एक निनावी पत्रक निघालं. अधिकृत चर्चबाहेर उपासना करणाऱ्या डिसेंटर लोकांचा निकाल लावायचा सर्वांत जवळचा मार्ग त्यात सांगितला होता: त्यांच्या उपदेशकांना फाशी द्या, बाकीच्यांना हद्दपार करा. काही कट्टर अँग्लिकनांना ते मनापासून आवडलं, डिसेंटर हादरले. मग कळलं की लेखक डॅनियल डिफो आहे आणि तो स्वतःच डिसेंटर आहे. कट्टरांची भाषा त्याने त्यांच्याच तोंडावर धरली होती. दोन्ही बाजू चिडल्या. संसदेने पत्रक जाळायला लावलं, त्याला पकडून देणाऱ्याला ५० पौंडांचं बक्षीस लागलं, आणि जुलै १७०३ मध्ये तीन दिवस त्याला भर चौकात खोड्यात उभं केलं गेलं. डिफोने खूण ठेवली नाही म्हणून त्याला दोष देणारे आजही आहेत. मी देत नाही. खुणेशिवाय ते पत्रक कट्टरांनी उचलून धरलं, म्हणूनच त्यांचं मन उघडं पडलं. त्या बेसावध टाळ्यांची किंमत त्याने स्वतःच्या अंगावर घेतली. त्याच्या जागी दुसरं कुणी खोड्यात गेलं नाही. लँडओव्हरच्या बाबतीत मला खटकतं ते हेच, की तिथे किंमत दुसरेच मोजतात.

कारण त्या संतापलेल्या पत्रांमध्ये माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं सर्वांत प्रामाणिक लेखन आहे. येशू कुणालाही फाटकाबाहेर ठेवत नाही, त्याने जकातदारांबरोबर आणि पापी लोकांबरोबर जेवण केलं, हे एका काल्पनिक पाळकाला समजावून सांगण्यासाठी लोकांनी आपली संध्याकाळ खर्च केली. त्यांची चेष्टा व्हावी असं त्यांनी काही केलं नव्हतं. नसलेल्या चर्चने खऱ्या श्रद्धेची साक्ष गोळा केली, पण ती विनोद म्हणून मांडली.

श्रद्धेच्या आत राहून केलेलं विडंबन वेगळं असतं. ‘बॅबिलॉन बी’ हे संकेतस्थळ २०१६ साली ॲडम फोर्ड या ख्रिस्ती व्यंगचित्रकाराने सुरू केलं. सुरुवातीला चर्चमधल्या गिटारवादकांवर, बायबल-गटातल्या लांबलेल्या गप्पांवर त्यात हलके चिमटे असत, आणि चिमटा बसलेले लोकच ते एकमेकांना पाठवत. पुढे ते राजकारणाकडे झुकलं. सीएनएन बातम्या ‘फिरवण्यासाठी’ धुलाई यंत्र विकत घेतंय अशी बातमी त्याने २०१८ साली रचली, तेव्हा तथ्यतपासणी करणाऱ्या स्नोप्सने तिला गंभीरपणे ‘खोटी’ ठरवलं. त्यावरून फेसबुकने ‘बी’ला ताकीद दिली आणि मग माफी मागितली.

याहून जुनं आणि मला जवळचं वाटणारं आहे ‘द विटेनबर्ग डोअर’. मार्टिन ल्यूथरने ज्या दारावर आपली मतं लावली असं सांगतात, त्या दाराचं नाव घेतलेलं हे कॅलिफोर्नियातलं नियतकालिक. इंग्रजी नावातली स्पेलिंगची चूक त्यांनी तशीच ठेवली. टीव्हीवरचे पैसे मागणारे उपदेशक, चर्चच्या भव्य इमारतींचा हव्यास, तरुण पाळकांचा तोरा, सगळ्यांवर त्याने टीका केली. ती बोचत असे, कारण लिहिणारे रविवारी त्याच बाकांवर बसत. त्याचे संपादक माइक याकोनेली स्वतः पाळक होते. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेतल्या वायरीका गावातलं त्यांचं छोटं चर्च हे अमेरिकेतलं सर्वांत मंद गतीने वाढणारं चर्च आहे, असं ते सांगत. २००३ साली मोटार अपघातात त्यांचं निधन झालं, तोवर तिथली मंडळी ते सांभाळत होते.