हात कां कांपतात?

घरांतील वडील माणसांचा हात कांपूं लागला कीं, ‘वय झालें’ एवढें म्हणून आपण स्वस्थ बसतों. कोणी त्यास भित्रेपणा म्हणतो, कोणी व्यसनाची शंका घेतो. अशा बोलण्यापायीं तो मनुष्य चारचौघांत जेवणेंहि टाळूं लागतो. म्हणून या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

‘इसेन्शियल ट्रेमर’ नांवाचा कंपविकार पुष्कळ आढळतो. त्याची मुख्य खूण अशी कीं, मांडीवर ठेवलेला हात शांत असतो. कामास लावला कीं कांपतो. आचमनाचें पाणी पळींतून सांडतें, बशींत कप खडखडतो, सही वेडीवांकडी येते. कंप बहुधा दोन्ही हातांस असतो. कांहींची मान ‘नाहीं’ म्हटल्यासारखी हलते, कांहींचा आवाज थरथरतो. हा केवळ म्हातारपणाचा विकार नव्हे. तो ऐन तारुण्यांतहि सुरू होतो. पुष्कळ घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आणि तेथें आई वा वडील यांस तो असल्यास प्रत्येक अपत्यास येण्याचा संभव सुमारें निम्मा धरतात.

याहून निराळा पार्किन्सनचा रोग. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत हात स्वस्थ असतांनाच अधिक कांपतो, आरंभ बहुधा एका बाजूस होतो, हालचाल मंदावते आणि अक्षर बारीक होत जातें.

तेव्हां हात केव्हां कांपतो, हें घरच्यांनीं आधीं नीट पाहावें. कागदावर चकलीसारखें वळण काढावयास सांगून, तारीख घालून तो कागद डॉक्टरांस दाखवावा. निदान मात्र त्यांचेंच. थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक, दम्याचीं कांहीं औषधें, फार चहा-कॉफी यांनींहि हात कांपतात. कंप एकाएकीं सुरू झाला, बोलणें अडखळलें किंवा तोल जाऊं लागला, तर क्षणाचाहि विलंब करूं नये.

हा विकार समूळ जात नाहीं. परंतु प्रोप्रॅनोलॉल व प्रिमिडोन या औषधांनीं पुष्कळांस उतार पडतो. दमेकऱ्यांस पहिलें चालत नाहीं. म्हणून शेजाऱ्याची गोळी परस्पर देऊं नये.

घरच्यांनीं पेला अर्धाच भरावा, आमटीस खोल वाटी ठेवावी, आणि सांडल्यास न बोलतां पुसून घ्यावें. पंगतींतलें त्यांचें पान मात्र नेहमींच्याच जागीं मांडावें.