सर्पदंश : वाडीपासून दवाखान्यापर्यंत

सर्पदंश हा प्रामुख्याने खेड्यातील गरिबाचा अपघात आहे. अनवाणी शेतात उतरणारा, अंधारात गोठ्याकडे जाणारा आणि जमिनीवर झोपणारा माणूसच त्याला बळी पडतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातील अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. औषध उपलब्ध असूनही असे का व्हावे?

प्रथम औषधाविषयी. आपल्याकडे बहुतेक मृत्यू नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांमुळे होतात. त्यांचे विष घोड्यांना थोडे थोडे टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार होतात व त्यांपासून लस बनते. ती चारही सापांच्या विषावर चालते. साप लहान-थोर पाहून विष सोडत नाही, म्हणून मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा द्यावी लागते. परंतु ही लस रक्तात फिरणारे विष निकामी करते. झालेली हानी भरून काढत नाही. म्हणून वेळेला महत्त्व!

नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते. पापण्या जड होतात आणि शेवटी श्वास थांबतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. हे ओळखण्याची रीत फार सोपी आहे. रोग्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. नळी कलती केल्यावर रक्त पातळच राहिले, तर विष रक्तात भिनले असे समजावे. यास ना वीज लागते, ना यंत्र.

सर्वांत फसवी मण्यार. ती रात्री चावते. वेदना नाही, सूज नाही. आमची वाडी सह्याद्रीच्या उतारावर असून डांबरी रस्ता तीन किलोमीटर खाली आहे. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात माझ्या चुलतीच्या पोटात पहाटे कळा येऊ लागल्या. घरच्यांनी ओवा दिला. उजाडल्यावर तिच्या पापण्या मिटू लागल्या, तेव्हा शाळेतील गुरुजींनी मण्यारीची शंका बोलून दाखवली. घोंगडीची डोली करून चौघांनी तिला रस्त्यावर आणले. आरोग्य केंद्रात लस मिळाली. पण श्वास मंदावला होता. जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत १०८ च्या गाडीत तिला रबरी पिशवी दाबून श्वास दिला गेला. पाच दिवस यंत्रावर काढून काकी परत आली. त्याआधी वाडीतील एक तरुण रात्रीतून 'पोटदुखीने' गेला होता. त्याच्या आईला आता वेगळाच संशय येतो आणि तिच्याकडे पाहवत नाही.

डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे सरकारी प्रमाण आहे. परंतु माणसे मोजताना मधला ओढा व चढण मोजली जात नाही. २०२४ साली केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याची योजना जाहीर केली. ती सफल व्हायची तर आरोग्य केंद्रात लस व श्वास देण्याची सोय रात्रीही हवी, आणि वाडीत समज हवी.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्यापैकी पुष्कळजण अशाच वाड्यांतून आलो आहोत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते दुरुस्त करतो. त्यासोबत एवढे सांगू या. जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळू नये. चावलेला हातपाय, मोडल्यावर बांधतात तसा, फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा. रोग्याला चालवू नये. मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. रात्री बॅटरी वापरावी, आणि खाली झोपणाऱ्याने मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून घ्यावी. रात्री उघड्यावर झोपलेल्या माणसाचे पोट अकारण दुखू लागले, तर उजाडण्याची वाट न पाहता डोली उचलावी.