ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं?

आषाढ संपत आला की सोसायट्यांमध्ये, वाचनालयांत, महिला मंडळांत शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळांची जुळवाजुळव सुरू होते. तीस-चाळीस माणसं, चार-पाच रविवार, शिकवणारी एक ताई किंवा एखादे काका. शाडू कुठून आणायचा, पाट कोणी आणायचे, हॉलची किल्ली कोणाकडे, हे सगळं हल्ली व्हॉट्सॲपवर ठरतं. साधन फुकट आणि सगळ्यांच्या हातात असल्यामुळे त्याची वेगळी आखणी करावी, असं कोणाला वाटत नाही. पण अशा गटांत जे घोळ होतात ते बहुतेक वेळा निरोपांचे असतात, आणि त्यांच्या मुळाशी काही पक्के गैरसमज असतात.

‘ग्रुपवर टाकलं, म्हणजे सगळ्यांना कळलं’

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. मूर्ती घडवून झाली की ती सावलीत, सावकाश वाळू द्यावी लागते. उन्हात ठेवली तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतली माती ओलीच राहते आणि सोंडेपाशी, मानेपाशी तडे जातात. समजा, रविवारी संध्याकाळी ताईंनी लिहिलं, ‘मूर्ती उन्हात ठेवू नका, पंख्याखालीही नको.’ त्यानंतर तासाभरात प्रत्येकाने आपापल्या मूर्तीचा फोटो टाकला. त्यावर ‘वा, सुंदर’, हात जोडलेली चिन्हं, मध्येच कोणाचा तरी वाढदिवस. सोमवारी सकाळी जी बाई मूर्ती गॅलरीत उन्हात ठेवते, तिच्या नजरेला तो निरोप पडलेलाच नसतो. दोष तिचा नाही.

आपल्या मेसेजवर बोट दाबून धरलं आणि ‘माहिती’ उघडली की तो कोणी वाचला, कोणाकडे नुसता पोचला, हे दिसतं. वैयक्तिक चॅटमधल्या निळ्या खुणा बंद करता येतात, ग्रुपमधल्या येत नाहीत. तरीही निळी खूण एवढंच सांगते की त्या माणसाने ग्रुप उघडला होता. म्हणून महत्त्वाचा निरोप पिन करावा. तो 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस वर टिकतो. ‘सावलीत वाळवा’ हा सात दिवसांचा निरोप आहे, ‘उद्या हॉल दहाला उघडेल’ हा एका दिवसाचा.

‘एवढ्याशा गटाला दोन ग्रुप कशाला?’

कारण लोक ग्रुप म्यूट करतात. दिवसाला साठ वेळा वाजणारा फोन कोणीही गप्प करेल, आणि ग्रुप एकच असेल तर फोटोंबरोबर सूचनाही गप्प होतात. 2018 पासून व्हॉट्सॲपमध्ये ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ अशी सोय आहे. ती लावून सूचनांचा एक ग्रुप करावा. त्यात आठवड्याला तीन-चारच निरोप यावेत आणि त्याचा आवाज चालू ठेवा, असं पहिल्याच दिवशी तोंडी सांगावं.

दुसरा ग्रुप बोलण्याचा, आणि तो मोकळाच असू द्यावा. रात्री दहा वाजता कोणी सोंड वाकल्याचा फोटो टाकतं आणि पाच मिनिटांत दुसरं कोणी सांगतं, ‘आतून काडीचा आधार द्या, ओल्या फडक्याने झाकून ठेवा.’ अशा बोलण्यातूनच माणसं एकमेकांना धरून राहतात. तिथे ‘कामाचंच बोला’ असा दम देणारे ॲडमिन मला अजिबात पटत नाहीत.

‘ब्रॉडकास्ट म्हणजे ग्रुपच की’

नाही. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह आहे त्यांनाच मिळतो. बाकीच्यांना तो मिळत नाही आणि ॲप आपल्याला तसं आपणहून कळवतही नाही.

‘काही हवं असेल तर वर स्क्रोल करायचं’

दुसऱ्या रविवारी आलेल्या माणसाला पहिल्या रविवारचे मेसेज आपोआप दिसत नाहीत. कोणी फोन बदलतं आणि बॅकअप घेतलेला नसतो. अँड्रॉइडवर हा बॅकअप 2024 पासून गूगलच्या फुकट मिळणाऱ्या 15 जीबीत मोजला जातो, त्यामुळे जागा भरली की तो नव्याने होतच नाही. टिकायला हवी अशी माहिती, म्हणजे सामानाची यादी, रविवारांचं वेळापत्रक, हॉलचा पत्ता, चॅटमध्ये ठेवूच नये. गूगल ड्राइव्हवर एक फाइल करावी आणि तिची लिंक ग्रुपच्या वर्णनात टाकावी.

हिशेबाचं तर नक्कीच असं करावं. शाडूची पोती, टेम्पोचं भाडं, रंग, ब्रश, चहा. एक शीट, सगळ्यांना बघता येईल अशी, भरणारा मात्र एकच. रक्कम लहान असली तरी मनं याच बाबतीत दुखावतात, आणि ‘मी ग्रुपवर टाकलं होतं’ एवढ्याने ती सांधली जात नाहीत.

‘ॲडमिन झालो तर केस अंगावर येईल’

या भीतीपोटी भली माणसं ॲडमिन व्हायला नकार देतात. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलं, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसत नसेल तर, ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही. 2022 मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही असाच निर्णय दिला. स्वतः काही टाकलं किंवा फॉरवर्ड केलं तर जबाबदारी अर्थातच स्वतःची. नागपूरचा निकाल आला तेव्हा दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकायची सोय ॲडमिनकडे नव्हती, आता आहे. वावगं काही दिसलं तर ती वापरावी.

ॲडमिन दोघं तरी असावेत. एकुलता एक ॲडमिन बाहेर पडला तर ॲप सदस्यांपैकी कोणालाही आपोआप ॲडमिन करून टाकतं.

‘आपलाच तर ग्रुप आहे, खाजगी आहे’

ग्रुपमध्ये आलेल्या प्रत्येकाचा मोबाइल नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. एरवी ओळखही नसलेल्या माणसाचे मेसेज रात्री-अपरात्री येऊ लागले म्हणून कार्यशाळा सोडणाऱ्या बायका असतात, आणि आयोजकांना कारण कधी कळतच नाही. तक्रार कोणाला सांगायची, ते नाव पहिल्याच दिवशी जाहीर करावं, आणि ते शक्यतो बाईचं असावं. आमंत्रणाची लिंक ज्याच्या हाती पडेल तो आत येऊ शकतो, म्हणून नव्या सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल अशी सेटिंग लावावी आणि नावनोंदणी संपली की लिंक रीसेट करावी. एन्क्रिप्शनमुळे मधल्या वाटेवर कोणी मेसेज वाचू शकत नाही, पण आतल्या माणसाला फोटो पुढे पाठवण्यापासून ते अडवत नाही. मुलांचे फोटो टाकण्याआधी त्यांच्या आईवडिलांना विचारायलाच हवं.

‘हल्ली सगळ्यांकडे व्हॉट्सॲप असतं’

सुरेख हात असलेल्या एखाद्या आजींकडे साधा फोन असतो. एखाद्या घरात फोन एकच, आणि तो दिवसभर कामावर गेलेल्या मुलाकडे. नावनोंदणी करतानाच ‘निरोप कसा द्यायचा?’ असा रकाना ठेवावा. अशी चार-पाच नावं निघतील. ती एकाच माणसाकडे सोपवावीत. वेळ किंवा हॉल बदलला की त्याने त्यांना फोन करायचा, आणि चार-पाचही जणांशी बोलणं झालं की सूचनांच्या ग्रुपच्या ॲडमिनला तसं कळवायचं.