आशाताईंची वीस वर्षं

आशाताई नसलेलं गाव आज महाराष्ट्रात शोधून सापडायचं नाही. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यात साधारण हजार लोकवस्तीमागे गावातलीच एक बाई ‘आशा’ म्हणजे आरोग्य कार्यकर्ती म्हणून निवडायची, वय २५ ते ४५, शिक्षण आठवीपर्यंत, असं ठरलं. पगार मात्र नव्हता. जेवढं काम, तेवढा मोबदला.

या कल्पनेचं माहेर आपल्याच मातीत आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०पासून निरक्षर बायकांच्या हाती गावाचं आरोग्य सोपवलं. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळं वाचवून दाखवली. त्यांचा अभ्यास १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि २०११मध्ये तेच काम देशभरच्या आशांकडे आलं.

हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. दवाखान्यात बाळंत झालेली बाई घरी आली की बेचाळीस दिवसांत सहा गृहभेटी द्यायच्या. बाळाला झोळीत ठेवून ताणकाट्यावर वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचा, घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजायचे आणि तेवढेच आले तर बाळाला दवाखान्यात न्यायचं. या सगळ्याचे २५० रुपये, म्हणजे भेटीला बेचाळीसही नाहीत. तेही पंचेचाळिसाव्या दिवशी, जन्मनोंद आणि लसीकरण झालेलं असेल आणि आई व बाळ सुखरूप असतील तर! बाळ दगावलं तर आशेच्या सगळ्या फेऱ्या फुकट. ही अट मला आजही क्रूर वाटते.

काम वाढत गेलं; क्षयाचे रुग्ण, कुष्ठरोगाचे सर्वे, डायरी आणि मोबाइलवरच्या नोंदी. हुद्दा मात्र जिथल्या तिथे राहिला. वर चढायला पायरी म्हणावी तर गटप्रवर्तकाची, पण ती जागा वीस-पंचवीस आशांमागे एक आणि तीही कायम नोकरी नाही. २०१३मध्ये भारतीय श्रम परिषदेने आशांसारख्या योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन द्यावं अशी शिफारस केली. ती अजून शिफारसच आहे.

मग कोरोना आला. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशांनी दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजला. त्या काळात केंद्राकडून जादा मिळत होते महिन्याला हजार रुपये. जून २०२१मध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या, तेव्हा त्यात थोडी भर पडली. २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला. अभिमान वाटावा असाच तो क्षण होता. पण त्यानंतर दोन वर्षांच्या आतच त्यांच्यातल्याच महाराष्ट्रातल्या बाया मुंबईच्या आझाद मैदानावर मुक्काम ठोकून होत्या, कारण २०२३च्या संपात मिळालेलं मोबदलावाढीचं आश्वासन कागदावर उतरत नव्हतं. अखेर मार्च २०२४मध्ये राज्याने महिन्याला पाच हजारांची वाढ मान्य केली. गौरव आपसूक मिळाला. पैसा मात्र दर वेळी रस्त्यावर उतरूनच मिळाला, असंच या वीस वर्षांचा हिशेब सांगतो.

सुरुवातीला चाळिशीत निवडल्या गेलेल्या ताया आता साठीला टेकल्या आहेत. दहा वर्षं सेवा केलेल्या आशेला निरोपाला मिळणारी रक्कम केंद्राने २०२५मध्ये वीस हजारांवरून पन्नास हजारांवर नेली. वीस वर्षांच्या सेवेला हे वर्षाकाठी अडीच हजार झाले. पेन्शन नाही. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये दिला. आशांनाही तोच हक्क द्या, आणि पहिली तुकडी एवढ्याच रकमेवर घरी जाण्याआधी द्या.